जुळलेली बोटं सुटी केल्यावर पुढे काय?

ताई, तुमच्या आठ महिन्यांच्या बाळाच्या उजव्या हाताचं मधलं बोट आणि अनामिका नखांपर्यंत जुळलेली आहेत, एक्स-रेत हाडं वेगळी दिसली आहेत. ऑपरेशननंतर बोटं नेहमीसारखी होतील का आणि परत चिकटतात हे खरं का, असं विचारलंत. माझ्या मुलीचं हेच होतं, आता ती सातवीत आहे.

हाडं वेगळी आहेत हे फार बरं झालं. नुसती कातडी जुळलेली असेल तर बोटं बहुधा छान वाकतात, पकड येते. हाडंच एकमेकांत गुंतलेली असली, एपर्ट सिंड्रोम या जन्मजात आजारात असतात तशी, तर बोटं आखडलेली किंवा वाकडी राहण्याची शक्यता बरीच वाढते.

आता दिसण्याबद्दल. दोन बोटं सुटी केली की त्यांना पुरेल एवढी कातडी तिथे मुळात नसतेच. म्हणून दोन बोटांमधल्या बेचक्यात बहुतेक वेळा हाताच्या मागच्या बाजूची कातडी वळवून घेतात आणि बोटांच्या कडांना दुसरीकडची लावतात, बरेचदा जांघेतली. ती पुढे काळपट पडते. माझ्या मुलीच्या अनामिकेच्या कडेला अजून तसा लांबट डाग आहे. जांघेतली कातडी घेणार असतील तर केस न येणाऱ्या भागातली घ्या, हे आधीच बोलून ठेवा. नाहीतर वयात आल्यावर बोटावर केस उगवतात. नखं जुळलेली असली तर त्यांच्या कडा थोड्या बेढब राहू शकतात.

परत चिकटण्याचं म्हणाल तर बोटं पहिल्यासारखी जुळत नाहीत. पण हात वाढतो तसा व्रण वाढत नाही, त्यामुळे बेचकं हळूहळू बोटांच्या टोकाकडे सरकतं. लावलेली कातडी नीट धरली नाही किंवा जखमेत पू झाला, तर जास्तच. हिचं शाळेत गेल्यावर पुन्हा एक छोटं ऑपरेशन करावं लागलं. पहिलं फसलं असं मी तरी मानत नाही. मूल वाढत असेपर्यंत दाखवत राहायचं, एवढंच.

प्लास्टर कोपराच्या वरपर्यंत घालतात, कारण लहान मुलं ते उपसून काढतात. ते ओलं होऊ देऊ नका. पट्टी सुटल्यावर काळ्या खपल्या बघून पोटात गोळा येईल, पण बहुतेकदा ते तसंच दिसतं. जखम भरली की डॉक्टर सांगतील तसं व्रणाला मालिश करा. आम्ही ते कंटाळा न करता केलं. आज ती पेन नीट धरते, पेटी वाजवते, फक्त ती दोन बोटं इतरांइतकी फाकत नाहीत.

घाई नको. या दोन बोटांसाठी साधारण एक ते दीड वर्षाचं वय बघतात. अंगठा किंवा करंगळी जुळलेली असती तर लवकर करावं लागलं असतं, कारण आखूड बोटामुळे लांब बोट वाकडं वाढतं.

आणि ग्रहणाचे टोमणे मारणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. बोटं दुसऱ्या महिन्यातच पोटात सुटी होतात, बाळाची ही दोन झाली नाहीत, इतकंच. उलट घरात कुणाच्या पायाची दुसरी-तिसरी बोटं जुळलेली आहेत का बघा, हे वंशातून येऊ शकतं. असेल तर डॉक्टरांना सांगा.