जेनेरिक आल्यावर मनोविकारांच्या औषधांत करिअर उरतं का?

प्रश्न : मुलगी फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला मनोविकारांवरच्या औषधांत काम करायचंय. नात्यातले एक जण म्हणतात, जेनेरिकमुळे तिथे पैसा उरला नाही, मोठ्या कंपन्या बाहेर पडल्या. तिला थांबवावं का? – एक आई

उत्तर : ताई, थांबवू नका. त्यांचं म्हणणं खोटं नाही, पण अर्धवट आहे.

जेनेरिक म्हणजे पेटंट संपल्यावर इतर कंपन्यांनी बनवलेलं तेच औषध. अमेरिकेत ऑगस्ट २००१ मध्ये प्रोझॅक या नैराश्यावरच्या गोळीचं जेनेरिक, फ्लुऑक्सेटिन, आलं आणि प्रोझॅकचा बहुतांश खप काही महिन्यांत त्याच्याकडे वळला. तिथल्या १९८४ च्या कायद्यामुळे जेनेरिक कंपनीला मोठ्या चाचण्या पुन्हा कराव्या लागत नाहीत. औषध रक्तात मूळ गोळीइतकंच आणि त्याच वेगानं पोचतं, हे दाखवावं लागतं. मग अनेक कंपन्या उतरतात, किंमत कोसळते. ज्यांना वर्षानुवर्षं गोळ्या घ्यायच्या असतात, त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

मूळ कंपन्याही गप्प बसत नाहीत. नैराश्यावरच्या सिटालोप्रॅमनंतर त्याचंच थोडं वेगळं रूप, एस्सिटालोप्रॅम, २००२ मध्ये आलं. मला त्यात मोठी झेप दिसत नाही. स्किझोफ्रेनियावरच्या पॅलिपेरिडोनचं मात्र तसं नाही. रोजच्या गोळीवरून महिन्याचं इंजेक्शन, मग तीन महिन्यांचं, २०२१ मध्ये सहा महिन्यांचं. डोस चुकला की आजार उलटतो अशा रुग्णांना याचा खरा आधार होतो.

आता मुलीला मुद्दाम वाचायला सांगा असं प्रकरण. नैराश्यावरच्या बुप्रोपिऑनची दिवसभर हळूहळू विरघळणारी ३०० मिलिग्रॅमची एक जेनेरिक गोळी अमेरिकेत बाजारात आली. चाचणी झाली होती १५० मिलिग्रॅमवर. ३०० चा निष्कर्ष त्यावरून काढला होता. गोळी बदलल्यावर नैराश्य परतलं, डोकं दुखतं, अशा तक्रारी रुग्ण करू लागले. बदललेल्या गोळीबद्दलची नुसती धास्ती म्हणून त्या सोडून देणं सोपं होतं. शेवटी एफडीएनं, म्हणजे तिथल्या सरकारी औषध नियामक संस्थेनं, स्वतः तपासणी केली, औषध रक्तात पुरेसं पोचत नाही असं दिसलं आणि २०१२ मध्ये ती गोळी बाजारातून गेली. बहुतेक जेनेरिक उत्तम असतात. पण ते तसे आहेत ना, हे बघणारी माणसं लागतात, आणि मनाच्या आजारात ती जास्त बारकाईनं बघणारी लागतात, कारण इथे परिणाम रक्तदाबासारखा यंत्रावर मोजता येत नाही.

म्हणून फॉर्म्युलेशन (औषधाची गोळी वा इंजेक्शन घडवणं), बायोइक्विव्हॅलन्स (जेनेरिक मूळ औषधाइतकंच रक्तात पोचतं का हे तपासणं) आणि फार्माकोव्हिजिलन्स (बाजारात आल्यावर औषधाच्या तक्रारी व दुष्परिणामांवर लक्ष ठेवणं) या तिन्हींत काम आहे. संख्याशास्त्र तिनं आतापासूनच पक्कं करावं.

नव्या रेणूंचा रस्ता लांबचा, बहुधा पीएच.डी.चा. २०१० च्या सुमारास काही बड्या कंपन्यांनी हे संशोधन आवरतं घेतलं, हे खरंच. पण सप्टेंबर २०२४ मध्ये स्किझोफ्रेनियासाठी झॅनोमेलीन-ट्रॉस्पियम या वेगळ्या मार्गानं काम करणाऱ्या औषधाला अमेरिकेत मंजुरी मिळाली. ते पुढे नेणारी छोटी कंपनी ब्रिस्टल मायर्स स्क्विबनं सुमारे १४ अब्ज डॉलर्सना घेतली.

तिला गोळी घडवण्यात रस आहे की मेंदूवर ती काय करते यात, हे आधी विचारा. पहिलं असेल तर पुढे फार्मास्युटिक्स, दुसरं असेल तर फार्माकॉलॉजी. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्टही त्याच विषयावर घेऊ द्या.