हाताला रोबोट, मेंदूला वीज

प्रश्न : माझ्या वडिलांना (वय ६४) आठ महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला. आता ते काठीने चालतात, परंतु उजवी मूठ उघडत नाही. एका केंद्राने मेंदूला सौम्य वीजप्रवाह आणि सोबत रोबोटिक व्यायाम सुचवला आहे. तो घ्यावा का? (एक वाचक, कोथरूड, पुणे)

उत्तर : डोक्यावर ओल्या स्पंजचे दोन इलेक्ट्रोड ठेवून १ ते २ मिलिअँपिअरचा प्रवाह सुमारे २० मिनिटे सोडला, की त्याखालील पेशी उद्दीपित होण्यास अधिक तयार होतात, आणि त्याच सुमारास रोबोटने मनगटाची तीच हालचाल शेकडो वेळा करवून घेतल्यास ती मेंदूत पक्की रुजेल, अशी यामागची कल्पना आहे. कल्पना सुरेख आहे. पुरावा मात्र तोकडा आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ९६ रुग्णांच्या अभ्यासात खऱ्या आणि लटक्या (नुसत्या भासवलेल्या) प्रवाहाच्या परिणामांत फरक आढळला नाही, आणि ब्रिटनमधील ७७० रुग्णांच्या चाचणीत (२०१९) नुसता रोबोटिक व्यायामही नेहमीच्या उपचारांहून सरस ठरला नाही.

त्यामुळे महागडे पॅकेज आगाऊ घेऊ नये, असे माझे मत आहे. मूठ स्नायूंच्या ताठरपणामुळे मिटलेली असेल, तर ताठर स्नायू सैल करणाऱ्या बोट्युलिनमच्या इंजेक्शनाबद्दल मेंदूविकारतज्ज्ञांना आधी विचारावे. वडिलांना फिट्स आल्या असतील किंवा कवटीत धातू असेल, तर तेही सांगावे. दरम्यान लाटणे दोन्ही हातांनी पुढे-मागे फिरवणे, उजव्या हाताने टॉवेल टेबलावर सरकवणे, असा सराव फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने रोज चालू ठेवावा.