नीतिसूत्रांमधलं शहाणपण आजच्या व्यवहारात खरंच उपयोगी पडतं का? इतिहासातलं एखादं उदाहरण द्याल का?

पडतं. पण बायबलमधलं हे नीतिसूत्रांचं पुस्तक सगळं वाचलं असेल तर.

नाशिकला शरणपूर रोडला आमच्या घरी नाताळच्या कॅलेंडरवर बहुतेक दरवर्षी एकच वचन असायचं, ३:५ मधलं, म्हणजे तिसऱ्या अध्यायातलं पाचवं: आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नको. कॅलेंडर छापणाऱ्यांना आणखी तीन अध्याय पुढे जायला काय होतं, देव जाणे. सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच म्हटलंय की शेजाऱ्याला जामीन राहिला असशील तर स्वतःच्या शब्दांत अडकलास. आता जा, त्याच्या विनवण्या कर, डोळ्याला डोळा लागू देऊ नकोस, फासेपारध्याच्या हातून पाखरू सुटतं तसा सूट.

१९९८ साली बाबा सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होते. मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, एका गृहस्थाला टेम्पो घ्यायचा होता. पतसंस्थेचं ८०,००० चं कर्ज, दोन जामीनदार हवेत. शनिवारी संध्याकाळी तो कागद घेऊन घरीच आला आणि आईचा चहा होईपर्यंत बाबांची सही झालीसुद्धा. मी तेव्हा एस.वाय.बी.कॉम.ला. करार कायद्याचं १२८ वं कलम ताजं ताजं शिकलेलो. बाबांना म्हटलं, जामीनदार म्हणजे साक्षीदार नव्हे. कर्जदाराची जितकी जबाबदारी तितकीच तुमची, आणि वसुलीवाले आधी त्याच्याच दारात जातील असंही नाही.

बाबा रात्रभर कूस बदलत होते. रविवारी उपासनेहून आल्यावर चपला न काढताच म्हणाले, "त्याच्याकडे जाऊन येतो. जमणार नाही म्हणून सांगतो." पैसे सोमवारी निघणार होते. सहाव्या अध्यायात जे करायला सांगितलंय, नेमकं तेच बाबा करायला निघाले होते. तोही न वाचता!

दारात दादा उभा. "दिलेला शब्द मागे घेणार? मंडळीत तोंड कसं दाखवाल?" मग ३:५. आणि वर जेकब वेनराईट.

जेकब म्हणजे गुलामीतून सुटून इथे शरणपूरला मिशनच्या आश्रमात शिकलेला आफ्रिकी मुलगा. १८७३ मध्ये मिशनरी आणि संशोधक प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारला तेव्हा जेकब बरोबर होता. साहेबाचं काळीज तिथेच झाडाखाली पुरलं, झाडावर जेकबने नाव कोरलं, आणि प्रेत घेऊन ही माणसं महिनोन्महिने चालत बागामोयोच्या किनाऱ्याला पोचली. वाटेत एका इंग्रज अधिकाऱ्याने, कॅमेरॉनने, इथेच पुरा म्हणून सल्ला दिला. ऐकला नाही. एप्रिल १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेत दफन झालं तेव्हा जेकब खांदेकऱ्यांत होता. दादाचं म्हणणं, ती माणसं एवढं करतात आणि तुम्ही एका सहीला घाबरता?

बाबांनी चपला काढल्या.

टेम्पो दीड वर्ष पळाला. मग गृहस्थ सुरतेला गेले ते गेलेच. वसुली दाखला बाबांच्या नावाने निघाला, दर महिन्याला पगारातून कपात सुरू झाली, मी सी.ए.चा नाद सोडून नोकरी धरली. दादा तोवर पुण्यात सेटल झाला होता.

जेकबने पाय स्वतःचे झिजवले. दादाने निष्ठा दाखवली ती बाबांच्या पगारावर. एवढा साधा फरक त्याला पंचवीस वर्षांत कळलेला नाही.

तुम्ही इतिहास विचारलाय, तर इस्राएलचा राजा शलमोन, त्याच्याच घरात बघा. नीतिसूत्रं त्याच्या नावावर, त्यात पानोपानी "माझ्या मुला, ऐक". आणि त्याचा मुलगा रहबाम? गादीवर येताच लोक म्हणाले, जू जरा हलकं कर. त्याने तीन दिवसांची मुदत घेतली. म्हाताऱ्यांनी सांगितलं, गोड बोल. बरोबर वाढलेल्या मित्रांनी सांगितलं, दम दे. त्याने दम दिला आणि इस्राएलच्या बारा वंशांपैकी दहा फुटून गेले. लोक "पोरवय" म्हणून सोडून देतात, पण बायबलमधलंच १ राजे १४:२१ बघा, तेव्हा तो ४१ वर्षांचा होता. सल्ल्याची कमी नव्हती, दोन्ही समोर होते. शोभेल तो उचलला. आमच्या दारात तेच झालं.

म्हणून २६:४ आणि २६:५ सलग वाचा. एकात मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको, लगेच पुढच्यात दे. ही चूक नाही. कुठलं कधी, हे तुम्ही ठरवायचं, आणि तेवढ्यासाठी बुद्धी वापरावीच लागते, कॅलेंडर काहीही म्हणो.

थोडं कबूल करतो. भाच्याच्या शैक्षणिक कर्जाला मीही सही केली आहे. तो फेडतोय, हप्ता मी बघतो. आणि बाबांनी शेवटपर्यंत त्या गृहस्थाला एक वाईट शब्द वापरला नाही, हेही खरं.

गेल्या नाताळला दादा नाशिकला आला होता. जेवणं झाल्यावर मी त्याला सहावा अध्याय मोठ्याने वाचून दाखवला. तो म्हणाला, "ते शेजाऱ्याबद्दल आहे. तो तर आपल्या मंडळीतला होता."