लाइव्ह चालू असताना प्रेक्षकांचा कौल कसा घ्यावा?

तुमचा प्रश्न असा: गाण्याच्या स्पर्धेची अंतिम फेरी फेसबुक लाइव्हवर दाखवायची आहे. चार स्पर्धक आहेत. प्रत्येकाला एकेक रिॲक्शन वाटून द्यायची आणि पडद्यावर चौघांचे आकडे आपोआप वाढताना दिसले पाहिजेत. हे कसं करतात, आणि त्यासाठी एखादं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागतं का?

विकत काहीच घ्यावं लागत नाही. कॅमेऱ्याचं चित्र आणि आवाज लाइव्हवर पाठवणारं ओबीएस स्टुडिओ हे सॉफ्टवेअर फुकट आहे, फेसबुककडून आकडे मागायची सोयही फुकट आहे आणि ते आकडे दाखवणारं वेबपान थोडं जावास्क्रिप्ट येणारा कुणीही एका बैठकीत लिहू शकतो. आमच्या वाचनगटाच्या लाइव्हसाठी मी हे सगळं हाताने बांधलं, काही महिने चालवलं आणि मग रिॲक्शनवर मतं मोजणं सोडून दिलं. बांधायचं कसं ते सांगतेच. पण चार जणांपैकी कोण जिंकलं हे त्यावर ठरवू नका, अशी कळकळीची विनंती आहे. तसं का म्हणते तेही खाली येईल.

आधी जोडणी. ओबीएसमध्ये एक सीन, म्हणजे पडद्यावर दिसणारी मांडणी, करा, त्यात कॅमेरा, माइक आणि या सगळ्याच्या वर एक 'ब्राउझर सोर्स' ठेवा. ब्राउझर सोर्स म्हणजे ओबीएसच्या आत उघडलेलं वेबपान. पानाची पार्श्वभूमी पारदर्शक ठेवली की मागे कॅमेरा दिसत राहतो आणि वर नुसते आकडे तरंगतात. आकड्यांची पट्टी वरच्या बाजूला लावा, कारण फोनवर पाहणाऱ्यांच्या पडद्याचा खालचा भाग कॉमेंटखाली झाकला जातो. फेसबुकच्या लाइव्ह प्रोड्यूसर या पानावरून स्ट्रीम की, म्हणजे तुमच्या प्रक्षेपणाचा गुप्त कोड, घेऊन ओबीएसमध्ये टाका, सेटिंगमध्ये 'कीफ्रेम इंटरव्हल' (दर किती वेळाने पूर्ण चित्र पाठवायचं ते अंतर) २ सेकंद ठेवा, बाकी सेटिंगला फारसा हात लावायची गरज पडत नाही. पेज नवीन असेल तर एक गोष्ट आजच तपासा: जून २०२४ पासून लाइव्ह जायला खातं किमान ६० दिवस जुनं आणि पेजला किमान १०० फॉलोअर लागतात. स्पर्धेच्या दिवशी हे कळलं तर काहीच करता येत नाही.

आता आकडे. फेसबुकच्या ग्राफ एपीआयला, म्हणजे प्रोग्रामना फेसबुककडून माहिती मागता येते त्या सोयीला, चालू व्हिडिओचा क्रमांक दिला की तो प्रत्येक रिॲक्शनची बेरीज सांगतो. कोणी कोणी दिली ती यादी आपल्याला नको असते, म्हणून यादीची मर्यादा शून्य ठेवून फक्त एकूण संख्या मागायची. प्रत्येक प्रकाराला टोपणनाव दिलं की सगळे आकडे एकाच विनंतीत येतात. यासाठी डेव्हलपर खात्यावर एक ॲप तयार करावं लागतं. पेजही तुमचंच आणि ॲपही तुमचंच असेल तर ॲप डेव्हलपमेंट मोडमध्ये, म्हणजे लोकांना खुलं न करता, ठेवूनही काम भागतं.

माझी पहिली ठेच टोकनवर लागली. टोकन म्हणजे प्रत्येक विनंतीबरोबर द्यावा लागणारा परवानगीचा कोड. फेसबुकच्या एपीआय एक्सप्लोरर या चाचणीच्या पानावरून सहज मिळतं ते टोकन तासा-दोन तासांत मरतं. मी दुपारी टोकन घेतलं, चाचणी केली, सगळं छान चाललं. संध्याकाळी लाइव्ह रंगात आलं आणि हार्टचा आकडा ४७ वर येऊन थांबला. हार्ट पडद्यावरून उडताना दिसत होते, आकडा मात्र तिथेच. निवेदन करणारी मैत्रीण माझ्याकडे बघत होती आणि मी पान पुन्हा पुन्हा रिफ्रेश करत होते. चूक टोकनमध्ये आहे हे कळायला दहा मिनिटं गेली. तेव्हा हे आधीच करून ठेवा: ते लहान टोकन ६० दिवस चालणाऱ्या टोकनमध्ये बदलून घ्या आणि त्यावरून पेजचं टोकन काढा, ते असं मुदतीने संपत नाही. हे टोकन म्हणजे तुमच्या पेजची किल्ली आहे. त्यामुळे हे टोकन असलेलं आकड्यांचं वेबपान कुठल्याही सर्व्हरवर चढवू नका, स्वतःच्या कॉम्प्युटरवरूनच उघडा.

दुसरं, आकडे किती वेळा मागायचे. दर सेकंदाला मागावेसे वाटतात. पण ॲपच्या पातळीवर मर्यादा असते, ॲप वापरणाऱ्या दर माणसामागे तासाला २०० विनंत्या. ॲप तुम्ही एकटेच वापरत असाल तर दर सेकंदाला मागणारं पान ३ मिनिटं २० सेकंदांत कोटा संपवतं. पेज टोकनचा हिशोब वेगळा असतो, तो पेजवर किती लोकांची ये-जा आहे त्यावर ठरतो. तरी मी १८ ते २० सेकंदांच्या खाली कधी गेले नाही. आकडा उडी मारल्यासारखा दिसू नये म्हणून मधले अंक पानावरच हळूहळू चढत जातील असं करता येतं, पण शेवटचा आकडा आला त्याच्या पुढे ते जाता कामा नयेत. न पडलेली मतं दाखवायची नाहीत.

एवढं केलंत की तुम्हाला हवं ते पडद्यावर दिसू लागेल. अडचण त्यानंतर सुरू होते.

आमच्या गटात पुढच्या महिन्यात कोणतं पुस्तक वाचायचं ते लाइव्हमध्ये ठरायचं. तीन पुस्तकं होती. पहिल्याला हार्ट, दुसऱ्याला वाव, तिसऱ्याला सॅड. तिसरी कादंबरी दुःखाची होती, म्हणून तेव्हा ते सुचलं आणि चांगलंही वाटलं. कार्यक्रमाच्या मध्यावर निवेदिकेने आमच्या एका जुन्या सदस्याच्या निधनाची बातमी सांगितली. ते गृहस्थ सगळ्यांना माहीत होते, दर वेळी पहिली कॉमेंट त्यांची असायची. पुढच्या दोन मिनिटांत रडक्या चेहऱ्यांची रांग लागली आणि वरच्या पट्टीवर तिसऱ्या पुस्तकाचा आकडा भराभर वाढायला लागला. लोक हळहळ व्यक्त करत होते आणि माझं पान ती मतं म्हणून मोजत होतं. मी पट्टी लपवली, पण लोकांनी ती पाहिलेली होती. त्या रात्री मला फार वाईट वाटलं.

रिॲक्शन ही भावना सांगण्यासाठी आहे, आणि माणसं ती त्यासाठीच वापरणार. तुम्ही वर कितीही मोठ्या अक्षरात लिहा, 'हार्ट म्हणजे पहिला स्पर्धक', तरी उशिरा आलेला प्रेक्षक ते वाचत नाही. त्याला तिसऱ्या स्पर्धकाचं गाणं आवडलं तर तो तिसऱ्याच्या गाण्याच्या वेळी हार्ट देतो आणि मत पहिल्याला जातं.

लाइकचं तर आणखी वेगळं. फोनवर लाइक एका टिचकीत पडतं, बाकीच्यांसाठी बोट दाबून धरावं लागतं. ज्याच्या वाट्याला लाइक येईल त्याला काही न करता मतं मिळत राहतील. लाइक सोडलं तर राहतात लव्ह, केअर, हाहा, वाव, सॅड आणि अँग्री. चौघांत वाटायला बसा बरं. हसरा चेहरा कोणाला देणार? मन लावून गाणाऱ्या मुलीच्या डोळ्यांसमोर हसणारे चेहरे उडत राहिले तर तिला काय वाटेल?

फेऱ्यांचाही घोटाळा होतो. एका व्हिडिओवर एका माणसाची एकच रिॲक्शन राहते, ती बदलली तर आधीची जाते. पहिल्या फेरीत ज्याने हार्ट दिलं त्याला दुसऱ्या फेरीत पुन्हा हार्ट देता येत नाही, कारण ते आधीच दिलेलं आहे. आणि त्याने वाव दिलं तर पहिल्या फेरीचा आकडा मागून कमी होतो. म्हणजे जाहीर केलेला निकाल जाहीर केल्यानंतर बदलतो. शिवाय तुमचा लाइव्ह कोणी शेअर केला, तर त्या शेअरखाली पडलेल्या रिॲक्शन त्या शेअरच्या असतात, मूळ व्हिडिओच्या बेरजेत त्या धरू नका. ज्या स्पर्धकाचे नातेवाईक सगळ्यात जास्त शेअर करतील, त्याचीच मतं वाया जायची शक्यता सगळ्यात जास्त.

शेवटी फेसबुकलाही हे नको आहे. रिॲक्शन २४ फेब्रुवारी २०१६ ला आल्या, त्याच वर्षी लाइव्ह सगळ्यांना खुलं झालं आणि काही महिन्यांत स्थिर चित्रावर आकडे फिरवणाऱ्या पोलांचा पूर आला. तासन् तास नुसतं चित्र, माणूस कुठेच नाही. मग लाइव्ह एपीआयच्या नियमांत स्पष्ट लिहिलं गेलं की नुसती चित्रं, स्थिर असोत की फिरती, लाइव्ह म्हणून पाठवू नका आणि अशा न हलणाऱ्या प्रक्षेपणावर पोल लावू नका. डिसेंबर २०१७ मध्ये तर मतांसाठी रिॲक्शन, कॉमेंट किंवा शेअर मागणाऱ्या पोस्ट फीडमध्ये मागे ढकलायला सुरुवात झाली. सल्ला किंवा शिफारस विचारणाऱ्या पोस्टना याची झळ बसणार नाही असंही तेव्हा सांगितलं होतं. पण 'हार्ट द्या, जिंकवा' ही थेट त्या यादीतली ओळ आहे. ज्या गोष्टीमुळे जास्त लोक येतील असं वाटतं, तिच्यामुळेच लाइव्ह कमी लोकांपर्यंत पोचायचा.

मग तुम्ही काय करावं? प्रेक्षक यूट्यूबवर यायला तयार असतील तर लाइव्ह तिथे करा. तिथल्या लाइव्ह चॅटमध्ये पोल आयता मिळतो, ४ पर्यंत पर्याय देता येतात, म्हणजे तुमचे चारही स्पर्धक नावानिशी बसतात. आम्ही आता हेच वापरतो. चॅनलवर पहिल्यांदा लाइव्ह सुरू करायला २४ तास लागू शकतात, तेव्हा आदल्या आठवड्यातच ते उरकून घ्या. लेटन्सी, म्हणजे प्रक्षेपण प्रेक्षकापर्यंत पोचायला लागणारा उशीर, 'लो' किंवा 'अल्ट्रा लो' निवडा. अल्ट्रा लो मध्ये ४के चालत नाही, पण गाण्याच्या स्पर्धेला त्याने काही अडत नाही.

फेसबुकच हवं असेल तर कॉमेंटमध्ये १ ते ४ यांपैकी आकडा लिहायला सांगा आणि तेच ब्राउझर सोर्सचं पान कॉमेंट मोजण्यासाठी वापरा. एका माणसाची शेवटची कॉमेंट धरायची, म्हणजे मत बदलायचा हक्कही राहतो. कॉमेंट कोणाची हे एपीआय फक्त पेज टोकनलाच सांगतो, त्याशिवाय एकाच माणसाची दहा मतं ओळखू येणार नाहीत. आणि मोजणाऱ्या पानाला इंग्रजी आकडा, देवनागरी आकडा आणि 'दोन', 'नंबर दोन' असं अक्षरी लिहिलेलंही कळलं पाहिजे. आमच्याकडे पहिल्या वेळी फक्त इंग्रजी आकडे मोजले गेले आणि मराठी कीबोर्डवर लिहिणाऱ्या सगळ्या ज्येष्ठांची मतं गळाली. दुसऱ्या दिवशी त्यांनीच सांगितलं, म्हणून कळलं.

रिॲक्शनची पट्टीही ठेवा, मतांशी संबंध न जोडता. प्रत्येक गाणं सुरू होताना बेरीज टिपायची आणि संपल्यावर किती भर पडली ते दाखवायचं, हार्ट, वाव सगळं मिळून. गाणाऱ्याला ते बघून हुरूप येतो आणि कोणाला काही वाटून द्यावं लागत नाही.

एक वेळेचं गणित पक्कं ठेवा. 'मतदान बंद' असं तुम्ही म्हणता ते प्रेक्षकाला काही सेकंदांनी ऐकू येतं, कमजोर नेटवर्कवर आणखी उशिरा. त्याने दिलेलं मत परत यायलाही वेळ लागतो. म्हणून बंद म्हटल्यावर किमान अर्धा मिनिट मोजणी चालू ठेवायची आणि हे निवेदकाने आधीच सांगून टाकायचं. त्या अर्ध्या मिनिटात पट्टी झाका, चौघांना कॅमेऱ्यासमोर एकत्र उभं करा आणि प्रत्येकाच्या गाण्याची एकेक ओळ पुन्हा गायला सांगा.