खानेसुमारीत न सापडणाऱ्या फरारबाई

प्रश्न : सावित्रीबाई फुले यांच्या चरित्रांत अहमदनगरच्या अमेरिकन मिशनरी शिक्षिका मिस सिंथिया फरार यांचे नाव येते. त्यांच्या माहेरच्या घराण्याचा शोध घेण्यासाठी अमेरिकेच्या जुन्या खानेसुमाऱ्या पाहिल्या, पण नाव कोठेच आढळले नाही. पुढे कसे जावे?
– एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : नाव न सापडणे साहजिकच आहे. अमेरिकेच्या खानेसुमारीत १८४० पर्यंत केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव लिहीत असत आणि घरातील बाकीची माणसे वयोगटांच्या रकान्यांत आकड्यांनी मोजत असत. फरारबाईंचा जन्म १७९५ साली न्यू हॅम्पशायरमधील मार्लबरो येथे झाला; त्यामुळे १८०० च्या नोंदीत त्या ‘दहा वर्षांखालील मुली’ या रकान्यातील आकड्यातच मिळायच्या, तेही वडिलांच्या नावासमोर. घरातील प्रत्येकाचे नाव लिहिण्याची पद्धत १८५० साली सुरू झाली, तेव्हा बाई नगरला शाळा चालवत होत्या. १८२७ मध्ये त्या मुंबईस आल्या आणि १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. तेव्हा खानेसुमारीचा नाद सोडलेला बरा.

खरा ऐवज गावाच्या दप्तरात आहे. न्यू इंग्लंडमधील, म्हणजे न्यू हॅम्पशायर ज्यात मोडते त्या अमेरिकेच्या ईशान्य भागातील, गावांत जन्म, विवाह व मृत्यू यांच्या नोंदी ठेवण्याची जुनी परंपरा आहे. शिवाय चार्ल्स बेमिस यांनी १८८१ साली प्रसिद्ध केलेल्या मार्लबरोच्या इतिहासाला गावातील घराण्यांची वंशावळ जोडलेली आहे. आपल्याकडच्या कुलवृत्तांतासारखाच हा ग्रंथ. उपयुक्त आहे, परंतु घराण्यांनी स्वतः पुरवलेली माहितीही अशा ग्रंथांत येत असल्यामुळे तिचा ताळा मूळ नोंदींशी घ्यावा.

फरारबाई अविवाहित राहिल्याने त्यांचे आडनाव बदलले नाही, ही शोधकाच्या दृष्टीने मोठीच सोय. विवाहित बहिणी असल्यास त्यांचा माग मात्र लग्नानंतरच्या आडनावाखाली काढावा लागेल, आणि तेथे वारसाहक्काची कागदपत्रे कामी येतात. मार्लबरो ज्या चेशायर परगण्यात येते त्याचे मुख्य ठिकाण कीन आहे. परगण्याच्या वारसा-न्यायालयात वडिलांचे मृत्युपत्र दाखल झाले असेल, तर त्यात कोणत्या मुलीला काय दिले हे बहुधा तिच्या सासरच्या आडनावासह लिहिलेले असते.

फरारबाईंना येथे पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचे दप्तर हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहे. त्यांच्या कामासाठी ते पाहणे अगत्याचे आहे. घराण्यासाठी मात्र ते दुय्यम समजावे.

संकेतस्थळांवरील तयार वंशवृक्षांवर विसंबू नये. न्यू इंग्लंडमध्ये फरार आडनावाच्या अनेक शाखा असून त्यांत एकच नाव पिढ्यान्‌पिढ्या येते, त्यामुळे काका-पुतण्यांची सरमिसळ सहज होते. मूळ नोंदीचा हवाला नसलेली फांदी खुशाल वगळावी. थेट वंशजांचा प्रश्न येथे उद्भवत नाही. आजचे नातेवाईक शोधायचे असतील, तर भावंडांच्या शाखा धरून १८५० नंतरच्या खानेसुमाऱ्यांत खाली उतरावे. १८८० पासून कुटुंबप्रमुखाशी असलेले नातेही त्यांत नोंदलेले आहे. १८९० चे बहुतेक कागद मात्र १९२१ च्या आगीनंतर उरले नाहीत, म्हणून १८८० वरून थेट १९०० वर यावे लागेल.