न्यूझीलंड व्हाइट ससा : मादी चावते, पिल्ले टाकते, जात बदलावी का?

प्रश्न : न्यूझीलंड व्हाइट जातीच्या १० माद्या व ३ नर आणले. जात शांत असल्याचे सांगितले होते. पण पिंजऱ्यात हात घातला की माद्या चावतात, आत सोडलेल्या नरावर धावून जातात आणि एकीने पहिल्या वेताची पिल्ले जाळीवर टाकली. जात बदलावी का?

उत्तर : जात बदलण्याची घाई करू नये. नावात न्यूझीलंड असले तरी ही जात विसाव्या शतकाच्या सुरुवातीस अमेरिकेत तयार झाली; पांढरीशुभ्र लव, लाल डोळे, भरदार मांड्या आणि पूर्ण वाढीत ४ ते ५ किलो वजन ही तिची ओळख असून ती सहज माणसाळते.

वयात आलेली मादी मात्र आपला पिंजरा राखते, त्यामुळे जोड लावताना नेहमी मादीच नराच्या पिंजऱ्यात न्यावी. मिलन झाले की नर बहुधा एका कुशीवर कोसळतो, ते दिसताच तिला परत आणावे. सशाला नाकासमोरचे अगदी जवळचे दिसत नाही, म्हणून तोंडापुढे अचानक आलेल्या बोटांना तो चावतो. हात बाजूने, सावकाश न्यावा. कान धरून कधीही उचलू नये. मानेवरची सैल कातडी धरून दुसरा हात ढुंगणाखाली द्यावा, कारण अधांतरी ससा मागचे पाय इतक्या जोराने झाडतो की त्याचा स्वतःचाच कणा मोडू शकतो.

गर्भकाळ साधारण ३१ दिवसांचा असल्याने २७ व्या किंवा २८ व्या दिवशी वाळके गवत घातलेली पेटी ठेवावी. पोटाची लव उपटून मादी त्यात मऊ थर करते. पेटी उशिरा मिळाली, पाणी कमी पडले किंवा कुत्रे-मांजर घुटमळले, तर पहिलटकरीण मादी पिल्ले टाकण्याची शक्यता वाढते. ती दिवसातून बहुधा एकदाच, काही मिनिटे पाजते, त्यामुळे पिल्लांजवळ बसत नाही म्हणून तिला दोष देऊ नये. पिल्लाचे पोट टम्म असेल आणि पातळ कातडीतून पांढरे दूध दिसत असेल, तर ते पोटभर प्यालेले आहे.

मला अधिक काळजी उन्हाळ्याची वाटते. पारा ३० अंशांपुढे राहिला की ससे धापा टाकतात, खाणे कमी करतात आणि नर काही आठवडे प्रजननासाठी निकामी होऊ शकतात. दुपारी जाळीवर ओले गोणपाट व भरपूर गार पाणी हवे.

पिल्ले टाकलेल्या मादीला आणखी एका वेताची संधी द्यावी. पेटी वेळेवर देऊनही तिने पुन्हा तसेच केले, तरच ती मादी काढावी.