केबीसीत घरबसल्या एसेमेस करणाऱ्यांना खरंच बक्षीस मिळायचं का?

हो, तशी स्पर्धा होती, २००७ मध्ये शाहरुखवाल्या तिसऱ्या सीझनला, 'हर सीट हॉट सीट' नाव होतं तिचं. टीव्हीवर एक प्रश्न दाखवायचे, चार पर्याय, आपण एसेमेसने उत्तर पाठवायचं आणि बरोबर उत्तरवाल्यांमधून एकाला रँडम निवडून २ लाख द्यायचे. गोम अशी की एका एसेमेसला २ रुपये ४० पैसे लागायचे, तेव्हाच्या मानाने महागच! आणि प्रश्न इतका सोपा की उत्तर सगळ्यांनाच यायचं, म्हणजे ज्ञानबिन काही नाही, सरळ नशिबाचा खेळ.

मग एक ग्राहक संघटना तक्रार घेऊन गेली की बक्षीस तर लोकांच्याच एसेमेसच्या पैशातून देताय आणि लोकांना वाटतंय फुकट आहे, त्यावर २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने शो दाखवणाऱ्या स्टार वाहिनीला आणि एसेमेसची सेवा देणाऱ्या एअरटेलला १ कोटीचा दंड ठोकला. पण पुढे सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला, कारण बक्षीस एसेमेसच्या कमाईतूनच दिलं याचा पुरावाच समोर नव्हता. मला विचाराल तर आयोगाचा मुद्दा पटण्यासारखा होता, पण कोर्टात कागद लागतो ना.

२०१० मध्ये शो सोनीवर परत आला, बच्चनसाहेबांसकट, आणि नंतर घरबसल्या खेळणं ॲपवर गेलं. बाकी व्हॉट्सॲपवर 'केबीसीची २५ लाखांची लॉटरी लागली' असं येतं ना, ते निव्वळ फ्रॉड आहे, आधी प्रोसेसिंग फी भरा म्हणतात, सरळ ब्लॉक करा.